कारखान्यातला मरून

ऑक्सफर्डच्या दक्षिणेला सहा-सात मैलांवर थेम्सच्या काठी अ‍ॅबिंग्डन नावाचं गाव आहे. राजघराण्यात लग्न, राज्यारोहण असं काही झालं की इथले नगरसेवक काउंटी हॉलच्या गच्चीवर चढतात आणि खाली चौकात जमलेल्या लोकांवर पाव फेकतात. अगदी गंभीर चेहऱ्याने. या गावात 1929 पासून 1980 च्या ऑक्टोबरपर्यंत एमजीच्या मोटारी बनल्या, त्याही कातडं कमावण्याच्या एका जुन्या कारखान्याच्या आवारात. ‘बनल्या’ हे जरा जपूनच म्हणायचं. बॉडी बाहेरून यायची, इंजिन बीएमसीच्या, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, इंजिन-कारखान्यातून तयार होऊन यायचं, आणि अ‍ॅबिंग्डनची माणसं ते सगळं एकमेकांत बसवायची. फिरता पट्टासुद्धा नव्हता. एका टप्प्यावरचं काम उरकलं की गाडी हातांनी ढकलून पुढच्या टप्प्यावर न्यायची. असं ढकलत ढकलत त्यांनी एकट्या एमजीबीच्याच पाच लाखांवर गाड्या रस्त्यावर आणल्या.

हे आधी सांगायचं कारण असं की जुन्या गाड्यांच्या नादाला लागलेली माणसं इथे सारखी ‘फॅक्टरी फिनिश’चा जप करतात. गाडी जशी कारखान्यातून निघाली तशी दिसली पाहिजे. आणि माझ्या 1965 च्या एमजीबीच्या इंजिनाला जो मरून रंग होता, तो अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्याने कधी लावलाच नव्हता. तो रंग अंगावर घेऊनच इंजिन लॉरीतून उतरायचं. कुठल्या शेडमध्ये, कोणत्या पाळीत, कोणाच्या हाताने तो बसला, याची नोंद कुणी ठेवलेली नाही. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून जुन्या गाडीचा दाखला मिळतो. त्यात गाडी कोणत्या तारखेला पुरी झाली, बॉडीचा रंग कोणता, आतलं कातडं कोणतं, इंजिनाचा नंबर काय, पाठवली कुठे, हे सगळं छापून येतं. माझ्या दाखल्यावर बॉडीचा रंग ‘ओल्ड इंग्लिश व्हाइट’ म्हणून ठळक दिला आहे. इंजिनाच्या रंगाबद्दल अवाक्षर नाही. मरून असणार हे तेव्हा सगळ्यांनाच माहीत होतं, मग लिहायचं कशाला? जे सगळ्यांना माहीत असतं ते सगळ्यात आधी हरवतं.

बॉनेट उचललं की सर्वांत वर दिसतं ते टॅपेट कव्हर. पत्रा दाबून घडवलेलं लांबट झाकण, वरून दोन नटांनी आवळलेलं, एका टोकाला तेल ओतायचं तोंड. त्याच्या पोटात रॉकर आर्म टकटकत असतात, तेल उडत असतं. झाकणाची कामं दोनच, तेल आत राखायचं आणि धूळ बाहेर. त्याच्या रंगाचा गाडीच्या चालण्याशी काडीइतका संबंध नाही. काळं असो, निळं असो, नुसता गंजका पत्रा असो, गाडी तितकीच धावेल आणि तितकंच तेल गाळेल.

कोल्हापूरला आमच्या आप्पांची अँबॅसिडर होती. तिची दुखणीखुपणी उद्यमनगरात एका मिस्त्रींकडे असायची. टॅपेट सेट करायला कव्हर उतरवलं की मिस्त्री ते परत बसवताना हटकून त्यावर चांदी रंगाचा एक हात मारायचे. अ‍ॅल्युमिनियम पेंटचा डबा त्यांच्या बाकाखाली कायम उघडाच असे. त्यातच ब्रश बुडवून ठेवलेला, आणि सायलेन्सरपासून शटरपर्यंत सगळ्याला तोच रंग. एकदा आप्पांनी विचारलं, “मिस्त्री, ह्याचा मूळचा रंग कुठला हो?” मिस्त्रींनी फीलर गेजची पाती मिटत उत्तर दिलं, “रंगाचं काय घेऊन बसलाय आप्पा, आवाज ऐका की!” आणि आवाज खरंच ऐकण्यासारखा असे. शिलाई मशीन बरं चालतं तेव्हा खोलीत जे समाधान पसरतं, तेच त्या बॉनेटभोवती उभं राहिलेल्या पाच-सहा माणसांच्या चेहऱ्यावर पसरायचं.

पुढे इंग्लंडात आल्यावर पहिल्यांदा एमजीबीचं बॉनेट उघडून पाहिलं आणि मी जरा थबकलोच. ओळखीचं माणूस परक्या गावात, परक्या कपड्यांत भेटलं होतं. बीएमसीच्या ‘बी-सीरीज’ घराण्यातलं 1489 सीसीचं इंजिन 1955 मध्ये एमजीएसारख्या ठेंगण्या, देखण्या स्पोर्ट्स कारमध्ये बसलं, आणि 1959 मध्ये तेच 1489 सीसीचं इंजिन जुन्या साइड-व्हॉल्व्हच्या जागी आपल्या अँबॅसिडरमध्ये आलं. एमजीबीचं 1798 सीसीचं इंजिन ह्यांचंच धाकटं, थोराड भावंड. इकडे तरुण पोरं टप उतरवून, मफलर उडवत समुद्राकडे जायची. तिकडे मागच्या सीटवर पाच माणसं आणि डिकीत गुळाच्या ढेपा घेऊन तेच घराणं घाट चढायचं. टॅपेट कव्हर पाहून मला आप्पांची गाडी आठवली. फक्त त्यावर चांदी रंग नव्हता.

त्यावर काळा रंग होता. तोही मूळचा नव्हे. सत्तरच्या दशकात बीएमसीच्या वारसदारांनी एमजीबीची इंजिनं काळी रंगवायला घेतली. पण माझी गाडी त्याआधीची, तिला काळा असण्याचं कारण नव्हतं. मधल्या कुठल्या तरी मालकाने हौसेने तो मारला होता. हौसेचे प्रकार इथे फार. कुणी क्रोमचं चकचकीत कव्हर विकत घेऊन लावतं, कुणी अ‍ॅल्युमिनियमचं, फासळ्याफासळ्यांचं. मूळचं कव्हर मग गॅरेजच्या माळ्यावर कोळ्यांच्या स्वाधीन होतं.

खरं तर कव्हरवरून इंजिनाची जात ओळखायची सवय या देशाला चांगलीच जडलेली आहे. जॅग्वारचं एक्सके इंजिन 1948 मध्ये अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनात लोकांपुढे आलं. त्याची दोन लांब, पॉलिश केलेली कॅम कव्हर्स म्हणजे सर विल्यम लायन्स यांच्या सौंदर्यदृष्टीची खूण. इंजिन चाललं तर पाहिजेच, पण बॉनेट उघडल्यावर दिसलंही पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. कव्हरं उजळ धातूची आणि त्यांच्या खालचं हेड रंगवलेलं. ‘सी-टाइप’ हेडला लाल आणि 3.8 लिटरच्या ई-टाइपला सोनेरी. फोर्ड सिएरा कॉसवर्थवाले आजही लाल कव्हर की हिरवं कव्हर यावरून वाद घालतात. हिरवं म्हणजे धूर गाळणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या जमान्यातलं, आणि एस्कॉर्ट कॉसवर्थ आली तेव्हा निळं. तिकडे फेरारीने तर इंजिनाच्या लाल डोक्यावरून गाडीचं नावच ‘टेस्टा रोसा’ ठेवलं. या मिरवणुकीत एमजीबीचं पत्र्याचं मरून झाकण म्हणजे बँडच्या मागून चालणारा साध्या सदऱ्यातला माणूस. पण मला प्रेम बसलं ते त्याच्यावरच. पॉलिश केलेल्या धातूला रंगाची काळजी नसते. दाबलेल्या पत्र्याला रंगाशिवाय दुसरं वस्त्र नाही.

कव्हर उतरवून बाकावर घेतलं. रंग काढायचं इथलं नामी औषध म्हणजे डायक्लोरोमिथेन. ते आता दुकानात सामान्य गिऱ्हाइकाला मिळत नाही, कारण त्याच्या वाफा माणसाला घातक. जे मिळतं ते सौम्य. लावा, प्लास्टिकने झाका, रात्रभर थांबा, मग खरवडा. जुन्या रंगात शिसं असायचं म्हणून कोरडं घासायची सोय नाही. वॉटर पेपर ओला करून, हातमोजे घालून, चिखल पुसत पुसत काम करायचं. हे संथ काम मला सोसलं, एवढंच नाही, आवडलं. घाईचं औषध असतं तर सगळे थर एका झटक्यात चोथा होऊन निघाले असते. सौम्य औषधाने एकेक थर सुटा करून दाखवला. काळ्याखाली चांदी रंग निघाला. (हसू आलं. मिस्त्रींचे नातेवाईक इथेही आहेत.) चांदीखाली भडक लाल, बहुधा जवळच्या हार्डवेअरच्या दुकानातला, कारण त्यात ब्रशचे केस अडकलेले होते. आणि लालखाली, कडेच्या वळणात, खोलगट भागात, मरून.

2022 मध्ये वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरचा वर्षानुवर्षांचा शेंदराचा थर काढला, तेव्हा आईने फोनवर त्याचं किती तरी वेळ वर्णन केलं होतं. देवीचं मूळ रूप दिसायला लागलं, हात, आयुधं, दागिने, कोरीव काम सगळं मोकळं झालं. पण आईच्या बोलण्यात आनंदाबरोबर थोडी हुरहुरही होती. तिने लहानपणापासून जिला हात जोडले ती शेंदरातली देवी. तो गोल झालेला, वितळल्यासारखा चेहराच तिच्या ओळखीचा होता. मूळ रूप जास्त जुनं, म्हणून ते जास्त तिचं, असं काही तिला ठरवता येईना. बाकावरच्या त्या झाकणाकडे पाहताना मला तिचं बोलणं आठवत राहिलं. काळा, चांदी, लाल हे थरही कुणी तरी प्रेमानेच चढवले होते. माझ्या मरूनला त्यांच्याहून जास्त हक्क कुठून मिळाला? याचं धड उत्तर माझ्याकडे नाही. मला तो हवा होता, एवढंच.

मरून तर सापडला, पण कव्हरवरचा तो मरून भरवशाचा नव्हता. साठ वर्षं तेलाच्या वाफेत आणि धगीत राहून तो तपकिरीकडे झुकलेला, वर लाल रंगाचा पाझर त्यात उतरलेला. खरा नमुना मिळाला ब्लॉकच्या मागच्या अंगाला, जिथे इंजिन आणि बॉनेटच्या मागची भिंत यांच्यामधल्या सापटीत हात जेमतेम जातो. तिथे तेल आणि धूळ यांची बोटभर जाड खपली बसली होती. लाकडी पट्टीने ती उचकटली, रॉकेलच्या चिंधीने जागा पुसली आणि आत स्वच्छ, ताजा, थोडा चमकदार मरून. बी-सीरीज इंजिनाच्या तेलगळतीला शिव्या देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. ते तेल गळलं नसतं तर हा रंग उरला नसता.

कव्हरनेही एक साक्ष दिली. वरच्या नटाखाली वाटीसारखा वॉशर असतो, त्याखाली रबर. तो वॉशर जिथे बसत होता तिथे मरूनचा मागमूस नव्हता. गोल, उघडा पत्रा, आणि त्याच्या परिघावर मरूनची उंचावलेली कड. म्हणजे हे कव्हर सुटं ठेवून रंगवलेलं नव्हतं. इंजिन पुरतं जोडून, नट आवळून झाल्यावर सगळ्यावर एकदमच गन फिरवलेली होती. खालच्या बुचाच्या गॅस्केटच्या बाहेरच्या कडेवरही तोच रंग. आता डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं. शेडमध्ये साखळीला टांगलेलं इंजिन, समोर मास्क लावलेला माणूस, हातात गन. वरून एक फवारा, बाजूने दोन, मागच्या अंगाला एक ओझरता. मागे दुसरं इंजिन वाट पाहत उभं. म्हणून तर मागे रंग विरळ, वर दाट, आणि कव्हरच्या पुढच्या कोपऱ्यात एक ओघळ सुकून राहिलेला.

आमच्या गल्लीत एक सद्गृहस्थ राहतात, वय ऐंशीच्या पुढचं. काउलीच्या मोटार कारखान्यात बॉडी रंगवण्यात त्यांचं उमेदीचं आयुष्य गेलं. त्यांना मी तो ओघळ दाखवला. चष्मा वर सरकवून त्यांनी त्यावर नखाने टिचकी मारली. “शुक्रवारची दुपार,” ते म्हणाले. मग थोडं थांबून, “किंवा सोमवारची सकाळ.” बॉडीवर असा ओघळ आला असता तर त्यांना फोरमनने परत घासायला लावलं असतं. इंजिनावरच्या ओघळाकडे कोण बघतंय? इंजिनाला रंग दिसण्यासाठी नसे, गंजू नये म्हणून असे, आणि हे इंजिन एमजीचं, ते ऑस्टिनचं, हे लांबून ओळखता यावं म्हणून. ऑस्टिन-मॉरिसची बरीचशी इंजिनं हिरवी, एमजीची मरून. त्यांच्या बोलण्यात अभिमान होता, पण तो बॉडीपुरता. इंजिन रंगवणाऱ्यांना ते आपल्या जातीचे मानत नव्हते, हे मला स्पष्ट दिसलं.

आता रंग जुळवणं. ब्लॉकच्या मागून नखाएवढा पापुद्रा मी सोडवून घेतला आणि कागदात गुंडाळून रंगाच्या दुकानात नेला. ब्रिटिश स्टँडर्ड 381सी नावाचं रंगांचं एक जुनं कोष्टक आहे. लष्कराच्या गाड्यांपासून सरकारी दारांपर्यंत सगळे रंग त्यात नंबर लावून बसवलेले. टपालपेटीचा लाल 538, मरून 541. माझा पापुद्रा 541 च्या शेजारी ठेवला तर बसेना. तो जरा उजळ, जरा मातकट. एमजीच्या इंजिनाचा म्हणून डबाबंद मरून विकणारे दुकानदारही आहेत. त्यांतले तीन डबे मी आणून झाकणांवर पट्टे ओढले, तर तिन्ही तीन तऱ्हेचे. शेवटी दुकानातल्या मुलीने पापुद्रा यंत्राखाली धरला. यंत्राने क्षणात तांबडा ऑक्साइड इतका, काळा इतका, पिवळा थेंबभर असा हिशेब छापून दिला. मिसळलेला रंग तिने पट्टीवर ओढून दाखवला. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली तंतोतंत.

बाहेर फुटपाथवर आलो आणि फरक दिसला. दुकानात एक वाटणारे दोन रंग दिवसाच्या उजेडात वेगळे निघतात, कारण दोघांत घातलेली रंगद्रव्यं वेगळी असतात आणि प्रत्येक दिव्याखाली ती आपापल्या स्वभावाने वागतात. मग प्रश्न असा, की जुळवायचं कोणत्या उजेडात? कारखान्यातल्या दिव्याखाली? अ‍ॅबिंग्डनच्या ढगाळ सकाळी? की रस्त्यावरच्या रात्रीत? या देशात कितीतरी वर्षं रस्त्यांवर सोडियमचे पिवळे दिवे होते. त्या प्रकाशात एकच एक पिवळा असतो, दुसरा रंगच नाही. त्याखाली मरून, हिरवा, निळा सगळे सारखेच काळपट तपकिरी. 1965 ची एमजीबी पुढे आपल्या आयुष्यातल्या बहुतेक रात्री त्याच दिव्यांखाली उभी राहिली असणार. आता गावोगाव पांढरे एलईडी आले आणि रात्रीच्या गाड्यांना पुन्हा रंग फुटले.

मी उत्तरेकडच्या खिडकीतला सकाळी अकराचा उजेड प्रमाण धरला. चित्रकार धरतात तोच. पिवळ्याचे दोन-तीन थेंब वाढवून, पट्टीवर पट्टी ओढून पापुद्रा त्या रंगात दिसेनासा होईपर्यंत खेळलो. हे दिवस मला फार सुखाचे वाटले. बाहेर पाऊस, गॅरेजमध्ये रॉकेलचा आणि थिनरचा वास, खिडकीशी मांडलेल्या पट्ट्या. रंग जुळतो तेव्हा तो जुळल्याचं जाणवतच नाही. पापुद्रा दिसायचा बंद होतो, एवढंच. आपण ज्याला यश म्हणतो ते इथे डोळ्याला काहीच न दिसणं असतं.

पण रंग म्हणजे नुसती छटा नव्हे, हे पुढच्या टप्प्यावर कळतं. चमक किती? फार चकचकीत केलं तर ते आजच्या मोटारीचं दिसतं. त्या काळच्या इंजिन-रंगाला मध्यम, थोडी आळसावलेली चमक असे. जाडी किती? मी सराईतपणे घासून, प्रायमर मारून, पातळ हात देत देत आरशासारखं गुळगुळीत करू शकलो असतो, आणि स्पर्धेच्या मैदानावर मांडलेल्या पुष्कळ गाड्यांत तसंच केलेलं असतं. पत्र्यावरच्या दाबाच्या खुणासुद्धा लांबी भरून बुजवलेल्या. ते मला पटत नाही. कारखान्याने जे केलं नाही ते करून त्याला फॅक्टरी फिनिश म्हणणं हा कारखान्याचा गौरव नाही, मालकाचा आहे.

रंगकामात दोषाचंही कधी कधी सोनं होतं, त्याचं उत्तम उदाहरण रिंकल फिनिश. जुनी टाइपरायटरं, रेडिओ, कॅमेरे, आणि पुष्कळ महागड्या इंजिनांची कव्हरं यांवर जो सुरकुतलेला काळा रंग दिसतो, तो मुळात रंगाऱ्याची चूक असायची. टंग नावाच्या झाडाच्या बियांचं तेल चीनमधून येई. त्या तेलाचा रंग जाड लावला की वरचा पापुद्रा आधी सुकतो, फुगतो, आणि खालचा ओलाच असल्यामुळे त्याला चुण्या पडतात. कुणाच्या तरी लक्षात आलं की या चुण्या सारख्या पाडता आल्या तर ओतकामातले खड्डे झाकले जातात आणि बोटांचे ठसेही दिसत नाहीत. अमेरिकेत डेटन गावी ‘न्यू रिंकल’ याच नावाची कंपनी निघाली. तिने पेटंटं घेतली, आणि सुरकुत्यांच्या किमती ठरवून टाकण्याच्या वादात 1952 मध्ये ती अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचली. माझ्या गल्लीतल्या गृहस्थांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “आमच्या फोरमनला सांगायला हवं होतं. आम्ही फुकट पाडायचो.”

माझ्या कव्हरला सुरकुत्या नकोत, ओघळाचा प्रश्न होता. मूळ कव्हरवर पुढच्या कोपऱ्यात ओघळ होता, त्याचा फोटोही मी काढून ठेवलेला. तो पुन्हा करायचा की नाही? जुन्या गाड्यांच्या काही अतिशुद्ध मंडळींत मुद्दाम ओघळ सोडतात, रबरी नळ्यांवर ठरवून फवारा उडवतात, आणि परीक्षक त्याला गुण देतात म्हणे. मला ते नाटकी वाटतं. त्या माणसाच्या हातून ओघळ आला तो वेळ नव्हता म्हणून. माझ्याकडे वेळच वेळ. घाई नसताना केलेला निष्काळजीपणा त्याच्या घाईची नक्कल होत नाही, तिची टिंगल होते. तेव्हा ओघळ नाही. पण विरळपणा ठेवायचा, म्हणजे वरून दाट, बाजूंनी जेवढा सहज बसेल तेवढा, मागच्या अंगाला ओझरता. हात तसाच फिरवायचा जसा त्याने फिरवला असेल. न थांबता आणि मागे वळून न बघता. हे कठीण आहे. हात सारखा परत जायला बघतो, जिथे कमी पडलंय तिथे.

थंडीतल्या गॅरेजात रंग मारणं हाही एक योग आहे. हवा दमट असली की थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर दव धरतं आणि रंगावर पांढुरकी झाक येते. म्हणून आदल्या रात्री हीटर लावायचा, कव्हर आणि रंगाचा डबा दोन्ही घरात ऊबेला ठेवायचे, आणि स्वच्छ कोरडा दिवस धरायचा. इंग्लंडात फेब्रुवारीत तो धरणं म्हणजे मुहूर्त काढण्याइतकंच. मरून सुकल्यावर त्याला हलकी भट्टी द्यावी लागते, म्हणजे पुढे तेलाच्या उष्णतेला तो टिकतो. शंभर अंशांच्या आत, तासभर. स्वयंपाकघरातल्या ओव्हनकडे मी नुसतं पाहिलं, तोच आतून आवाज आला, “त्यात नानकटाई होते. इंजिनं नाही.” बाई बरोबरच बोलत होती, रंगाच्या वाफा अन्नाच्या ओव्हनमध्ये कधीच नेऊ नयेत. कुणी टाकून दिलेला एक जुना ओव्हन मिळाला, तो गॅरेजच्या दाराशी, उघड्या हवेत लावला. तासाभराने दार उघडलं तेव्हा मरून थोडा खोल गेला होता, आणि चमक नेमकी हवी तेवढीच खाली बसली होती.

बुचाचं नवं गॅस्केट घातलं, कव्हर ठेवलं, रबर, वाटीचे वॉशर, आणि दोन नट. हे नट चार फूट-पौंडांपेक्षा जास्त आवळायचे नसतात. जास्त जोर दिला तर पत्रा वाकतो, बुचाचा चुरा होतो आणि तेल बाहेरचा रस्ता शोधतं. मिस्त्री हे मनगटाच्या अंदाजाने करायचे. मी टॉर्क पाना लावला. आणि मग, आवळून झाल्यावर, नट आणि वॉशर यांच्यावरून बारीक ब्रशने मरूनचा एक हात फिरवला, कारण त्या शेडमध्ये गन फिरली तेव्हा तेही जागेवरच होते.

गल्लीतले गृहस्थ संध्याकाळी पाहून गेले. कव्हर त्यांनी तिरक्या नजरेने, बॉडी तपासतात तसं उजेडाला धरून पाहिलं. “मागे कमी पडलाय,” ते म्हणाले. मी म्हटलं, मुद्दाम. त्यांनी मान हलवली. पटल्याची की नापसंतीची ते मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही. जाताना नटांकडे बोट दाखवून म्हणाले, हे टिकायचं नाही. ते खरंच आहे. नव्याने बसवलेल्या हेडला पाचशे मैलांवर टॅपेट पुन्हा पाहावे लागतात, पंधरा थाउची, म्हणजे इंचाच्या पंधरा हजारांशांची, फट मोजायला कव्हर उघडावंच लागतं, आणि पाना लागला की नटाच्या कोपऱ्यांवरचा रंग पहिल्या पिळालाच उडतो. 1965 मध्येही पहिल्या सर्व्हिसिंगला तो तसाच उडाला असणार. तेवढा मी उडू देणार आहे, त्यावर पुन्हा ब्रश लावणार नाही.